पंडित म्हाइंभट आणि नित्याच्या लीळा

परमार्गाच्या गद्य वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला ते म्हाइंभट मूळचे ग्रंथकार नव्हेत, वादी होत. सराळे हे त्यांचे गाव. गणपती आपयो यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांचे अध्ययन झाले होते. तर्क व मीमांसा, त्यातही प्राभाकर मत, त्यांना करतलामलकवत् होते. घरी संपत्ती होती, पंचक्रोशीत मान होता आणि देवगिरीच्या यादवांच्या राज्यात विद्वत्तेची चहा असल्यामुळे अशा पंडिताला कोठेही उणे पडण्याचे कारण नव्हते. त्यांच्या विद्येच्या अभिमानाची एक कथा परंपरेने सांगितली जाते. ते भर दिवसा मशाल पेटवून चालत आणि पायी तृणाचे तोडर बांधीत. जग अज्ञानाच्या अंधारात आहे, तेव्हा सूर्य असूनही दिवा हवा, हा मशालीचा अर्थ. आणि प्रतिवादी आपल्यापुढे गवताच्या काडीइतके, हा तोडराचा. कथेच्या तपशिलात कोणाला काही कमी-अधिक वाटेल. पण तिच्यातून दिसणारा मनुष्य खरा आहे. ज्याला आपल्या दृष्टीपुढे सर्व काही अगोदरच ठरलेले वाटते, त्याला नवे असे काही दिसत नाही. लोक, त्यांची घरे, त्यांचे बोलणे, त्यांची सुखदुःखे, हे सारे अशा पंडिताच्या लेखी केवळ अविद्येचा विस्तार असते.

अशा वृत्तीने म्हाइंभट गोदातीरी डोमेग्रामास, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरजवळच्या कमालपुरास, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या भेटीस आले. हेतू वादाचा होता. स्वामींची कीर्ती त्यांच्या कानी होती. ती आपल्या तर्काने मोजून पाहावी अशी इच्छा होती. पुढे काय झाले हे परमार्गातील बालकासही ठाऊक आहे. म्हाइंभट निरुत्तर झाले. मात्र ते नुसते वादात हरले असे समजणे उणे होईल. वादात हरलेला पंडित घरी जाऊन नवी युक्ती शोधतो. म्हाइंभटांच्या ठायी त्याहून खोल काही घडले. मोक्षाविषयी बोलता येणे आणि मोक्षाच्या दिशेने एक पाऊल पडणे या दोहोंत किती अंतर आहे, हे त्यांना त्या तीरावर कळले. शास्त्र मुखोद्गत होते. जीवन मात्र होते तेथेच होते.

तथापि त्यांचे अनुसरण तात्काळ झाले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोध एका क्षणी होतो, पण घर, द्रव्य, मान यांची मुळे सावकाश सुटतात. दरम्यान बाइसा, महदाइसा, भटोबास यांना स्वामींचे सन्निधान लाभले. स्वामी पहुडत केव्हा, उपहुड केव्हा होई, आरोगणेस काय आवडे, चालता चालता कोणत्या वृक्षाखाली थांबत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ज्यांना असे सन्निधान वर्षानुवर्षे घडले त्यांत म्हाइंभट नव्हते. पुढे त्यांच्या हातून जे कार्य झाले त्याचे एक मूळ या उणिवेत असावे, असे मानण्यास आधार आहे. ज्याने मेजवानी चुकविली तो पंक्तीत कोण कोठे बसले होते हेही विचारतो.

शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तपरिवाराची तेव्हाची अवस्था शब्दांत सांगणे कठीण आहे. काल जे समोर होते ते आज नाही, आणि ते उद्याही दिसणार नाही. अशा प्रसंगी मनुष्य दोनच मार्गांकडे ओढला जातो: शोकात बुडून जाणे, किंवा जुन्या व्यवहारात परत जाणे. स्वामींनी आपल्या जनांस ऋद्धपुरी श्रीप्रभूंच्या, म्हणजे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा केलेली होती. त्याप्रमाणे नागदेवाचार्य भटोबास आणि इतर मंडळी वऱ्हाडात ऋद्धपुरास आली. म्हाइंभटही सर्वस्व टाकून परमार्गात आले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. मशालीचा पंडित आता भिक्षेची झोळी घेऊन दारोदार जाऊ लागला. झोळीत पडते ते घेणाऱ्यास निवड नसते. आजचा घास कालच्यासारखाच नसतो. विद्येच्या अभिमानावर भिक्षेसारखे औषध नाही, हे परमार्गातील वृद्ध महात्मे आजही सांगतात.

असन्निधानात साधकाने काय करावे याविषयी परमार्गाचा विचार स्पष्ट आहे. स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक यांचा आश्रय करावा, आणि स्मरण करावे. स्मरण म्हणजे नामाचा उच्चार एवढेच नव्हे. मूर्तीचे स्मरण आहे, लीळेचे आहे, आणि चेष्टेचेही आहे. चेष्टा या शब्दावर थोडे थांबणे अवश्य आहे, कारण आजच्या बोलीत त्या शब्दाला थट्टेचा अर्थ आला आहे. शास्त्रात चेष्टा म्हणजे सहज हालचाल: हात कसा उचलला, मान कशी वळविली, पाणी कसे प्याले, बसताना वस्त्र कसे आवरले. परमेश्वराने अवतार धरून मनुष्याच्या जीवनातील लहानसहान क्रिया अंगीकारल्या, तेव्हा त्या क्रिया लहान राहिल्या नाहीत. मग त्यांतील कोणती स्मरावी आणि कोणती सोडावी, हे ठरविणारा साधक कोण?

याच जागी म्हाइंभटांचे कार्य सुरू होते. भटोबास एकांतात स्तब्ध बसलेले असत. त्यांचे चित्त कोठे लागलेले असते असे म्हाइंभटांनी विचारले, तेव्हा ते स्वामींच्या लीळांचे मनन करीत असतात असे कळले. म्हाइंभटांच्या मनात तेव्हा जो प्रश्न उभा राहिला तो पंडिताचा नसून परिवाराची काळजी वाहणाऱ्या माणसाचा होता. भटोबासांपाशी हे स्मरण आहे, महदाइसेपाशी आहे, आणखी कितीजणांपाशी आहे. पण ही माणसे कायमची नाहीत. त्यांच्यामागून येणारे, ज्यांनी स्वामींना पाहिलेच नाही, ते कशाचे मनन करणार? लीळा सांगाव्यात, त्या लिहून ठेवतो, अशी त्यांनी भटोबासांस विनंती केली. आचार्यांनी ती मान्य केली. ऋद्धपुरी वाजेश्वरीच्या परिसरात हे लेखन झाले असे परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, कोणताही राजाश्रय नसता, कोणतेही पूर्वीचे उदाहरण समोर नसता, मराठी भाषेत एका चरित्राचा आरंभ झाला. त्याच ऋद्धपुरास २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले, ही घटना योगायोगाची खास नव्हे.

भटोबासांच्या मुखातून ऐकले ते टिपून म्हाइंभट थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. ते थांबले नाहीत. स्वामींचा संचार महाराष्ट्रभर झाला होता: पैठण, वेरूळ, लोणार, गोदावरीचे दोन्ही काठ. जेथे जेथे स्वामी राहिले, तेथे तेथे त्यांना पाहिलेली, त्यांच्याशी बोललेली, त्यांना जेवू घातलेली माणसे होती. म्हाइंभट त्यांच्याकडे गेले. भटोबासांनी सांगितलेली लीळा प्रत्यक्ष साक्षीदाराकडून ताडून घ्यावी, नवी मिळाल्यास ती जोडावी, असा त्यांचा परिपाठ होता. ज्याने आयुष्यभर इतरांचे दोष काढले होते तो आता ज्यांना एक अक्षरही येत नव्हते अशांपुढे बसून ऐकू लागला. येथे त्यांच्या पांडित्याचा खरा उपयोग झाला. न्यायशास्त्राने त्यांना प्रमाण म्हणजे काय हे शिकविले होते. पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे, आणि ऐकलेल्याचे ऐकलेले आणखी वेगळे, हा विवेक त्यांच्या हाडी मुरलेला होता. दोन साक्षीदारांत मतभेद पडला तर एकाला खोटे ठरवून त्यांनी कथा गुळगुळीत केली नाही. लीळाचरित्रात शोध म्हणून जी भिन्न माहिती येते, अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, ती या सचोटीची साक्ष आहे. कित्येक शोध इतक्या बारीक गोष्टीविषयी असतात की नवख्या वाचकास हसू यावे. एखादी गोष्ट या गावी घडली की पलीकडच्या गावी, सकाळी की दुपारी, याने तत्त्वज्ञानात काय फरक पडतो? काहीही नाही. स्मरणात मात्र पडतो. जो प्रिय आहे त्याच्याविषयी सकाळ आणि दुपार एक करता येत नाही.

आता त्यांनी काय लिहिले ते पाहू. लीळाचरित्र उघडून कोणी केवळ अद्भुत शोधू लागला तर त्याला ते थोडे मिळेल, पण पाने उलटताना त्याची निराशाही होईल. पानोपानी काय आहे? उदयाचा पूजावसर, विहरण, आरोगणा, गुळळा, विडा, पहुड, उपहुड, व्याळी. मांडे आणि वडे आहेत. दामांचा व्यवहार आहे. देवळाच्या कोणत्या अंगास बसले ते आहे, कोणते दार कोणत्या दिशेस ते आहे. बाइसांची स्वयंपाकाची घाई आहे, भिक्षा आणणाऱ्यांचा उशीर आहे, भक्तांचे आपसातील रुसवे आहेत, आणि ते रुसवे स्वामींनी कसे काढले ते आहे. पुष्कळ वाचक पारायणात ही स्थळे झपाट्याने उरकतात आणि जेथे निरूपण आहे किंवा चमत्कार आहे तेथे रेंगाळतात. ही घाई बरी नव्हे. म्हाइंभटांना निरूपण वेगळे काढता येत नव्हते असे नाही. त्यांच्याइतका अधिकारी त्या कामास दुसरा नव्हता. त्यांनी ते जाणूनबुजून नित्याच्या क्रमात राहू दिले. ब्रह्मविद्येचे वचन कोणत्या प्रसंगी निघाले, तेव्हा समोर कोण होते, ती व्यक्ती दुःखी होती की कुतूहलाने विचारीत होती, हे सांगितल्यावाचून वचन अर्धेच कळते. पुढे केशिराजांनी, म्हणजे केसोबासांनी, याच ग्रंथातून वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत गुंफले. तो उपकार थोर आहे. पण ती फुले ज्या वेलीवरची, ती वेल म्हाइंभटांची आहे.

एक उदाहरण पुरे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली दडला. पारधी आले व त्यांनी आपले सावज मागितले. शरण आलेल्यास मरणाच्या हाती देणे स्वामींकडून घडणे नव्हते; त्यांनी पारध्यांना समजावले आणि ससा वाचला. या लीळेत आकाशातून काही उतरत नाही. सूर्य जेथे होता तेथेच आहे. रानात असे ससे रोज धावतात, आणि असे पारधी रोज त्यांच्यामागे असतात. पण ज्याने ही लीळा ऐकली आहे त्याला रानातला कोणताही ससा पुन्हा केवळ ससा दिसत नाही. अहिंसेवरील पूर्ण प्रकरण पाठ असणाऱ्यास जे साधत नाही, ते या एवढ्याशा प्रसंगाने साधते. म्हाइंभटांसारख्या पंडिताने तो आपल्या ग्रंथात आदराने मांडला, यातच त्यांचे परिवर्तन पुरते दिसते.

दृष्टांतांचीही हीच गोष्ट. जन्मांध लोकांनी हत्ती चाचपडून पाहिल्याचा दृष्टांत सर्वांस माहीत आहे. कोणाच्या हाती सोंड, कोणाच्या कान, कोणाच्या पाय. प्रत्येकाचा अनुभव खरा, आणि प्रत्येकाचा निर्णय चुकीचा. म्हाइंभटांनी आयुष्याचा पूर्वार्ध अशा एकाच अवयवाला घट्ट धरून काढला होता. उत्तरार्धात ते एकेकाला विचारीत फिरले, तुमच्या हाती काय आले ते सांगा म्हणून.

लीळा सांगणाऱ्यांत आणि लीळांत वावरणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. स्वामींच्या सेवेत बाइसा होत्या. प्रश्न विचारण्यात महदाइसांची बरोबरी क्वचितच कोणी करी. महदाइसा या भटोबासांच्या चुलत भगिनी. त्यांच्या जिज्ञासेला विषयाचे बंधन नव्हते. तीर्थाविषयी, देवतेविषयी, एखाद्या शब्दाविषयी, समोर दिसलेल्या साध्या वस्तूविषयी त्या विचारीत, आणि स्वामी उत्तर देत. त्या प्रश्नांमुळे कितीतरी निरूपण आज आपल्यापर्यंत पोहोचले आहे. भाषेचा निर्णयही याच जाणिवेतून आला. केसोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा झाली, तेव्हा भटोबासांनी त्यांना आवरले; त्यामुळे परमार्गातील साध्या वृद्धा वंचित होतील अशी त्यांची चिंता होती. म्हाइंभटांनी तर आरंभापासूनच तीच भाषा धरली होती. ज्या भाषेत स्वामी बोलले, ज्या भाषेत म्हातारीने ते ऐकले, त्याच भाषेत लिहायचे. छोटी वाक्ये, नेमकी क्रियापदे, अलंकाराचा लोभ नाही. ही भाषा सोपी वाटते म्हणून ती सहज साधली असे कोणी समजू नये. संस्कृत वादग्रंथात मुरलेल्या लेखणीला असे लिहावयाचे म्हणजे प्रत्येक वाक्यात स्वतःला मागे ठेवावे लागते.

श्रीप्रभूंचे प्रयाण इ. स. १२८७ च्या सुमारास झाले. म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र सिद्ध केले. त्यात तीनशेहून अधिक लीळा आहेत. हा ग्रंथ एका दृष्टीने अधिक कठीण होता. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांत निरूपणाचा आधार तरी आहे. श्रीप्रभू निरूपण करीत नसत. ते ऋद्धपुरातील मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरत, भांडी उघडून पाहत, बाजारातील खाऊ उचलून खात, रागावत, हसत. बाहेरून पाहणाऱ्यास हे वेड वाटले. ऋद्धपुरच्या लोकांस मात्र ते आई आणि बाप वाटत. मातंगांना पाण्याचे दुर्भिक्ष होते; त्यांनी श्रीप्रभूंना विनविले, आणि श्रीप्रभूंनी दाखविलेल्या ठिकाणी खणल्यावर विहिरीस पाणी लागले. ज्यांच्या सावलीलाही लोक दूर ठेवीत, त्यांच्या दारात जाऊन पाण्याची जागा दाखविणे ही तेराव्या शतकातील गोष्ट आहे, आणि म्हाइंभटांनी ती इतर लीळांच्या ओळीत, कोणतेही भाष्य न करता, लिहिली आहे. श्रीप्रभूंनी एकदा विवाहाचा खेळ मांडला, तेव्हा महदाइसांनी धवळे गाइले. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना अशी एका खेळातून उपजली. ज्याला या लीळांत अर्थ शोधून काढायचा आहे त्याने शोधावा. म्हाइंभटांनी मात्र आधी त्या जशाच्या तशा जपल्या. अर्थ कळला तरच जपू, अशी अट त्यांनी घातली नाही. पंडिताच्या मनाला ही अट सोडणे सर्वांत जड जाते.

आजच्या साधकास यातून एक व्यावहारिक अडचण सुटते. पुष्कळांची तक्रार असते की स्मरणास बसावे तर मन लागत नाही, कारण दिवसभर घर, शेत, चूल, दुकान यांतच चित्त गुंतलेले असते. म्हाइंभटांच्या ग्रंथात चूल आहे, शेत आहे, हाट आहे, वाट आहे. पाणी पिताना, वाढताना, दार लोटताना, निजताना एखादी लीळा आठवावी यासाठी वेगळ्या वेळेची गरज नाही. उपदेशी गृहस्थाचा दिवस म्हणून निरर्थक राहत नाही. त्याच्या प्रत्येक क्रियेला शेजारी स्वामींची एक क्रिया उभी असते. ज्या काळात भटोबासांसह सर्व परिवार वियोगाने खचला होता, त्या काळात हीच गोष्ट त्यांना पुन्हा उठवून चालती करणारी ठरली. स्वामी ज्या ओट्यावर बसले तो ओटा आहे, ज्या वाटेने गेले ती वाट आहे. पुढे मुनी व्यास कोठी यांनी स्थानपोथीत गावागावांतील अशी स्थाने दिशांसह नोंदविली, तीही याच श्रद्धेने.

ग्रंथ सिद्ध झाला, पण तो सुरक्षित राहिला नाही. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खिलजींच्या स्वाऱ्यांनी महाराष्ट्र हादरला. परमार्गीयांची पांगापांग झाली, आणि त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली असे परंपरा सांगते. ज्या भीतीने त्यांनी लेखणी हाती घेतली होती तीच पुन्हा समोर उभी राहिली. परंतु एव्हाना लीळा अनेकांच्या कंठी रुळल्या होत्या. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी ओळखले जाणारे पाठ सिद्ध झाले, आणि जेथे पाठांत भेद पडला तेथे तो भेदही जपला गेला. त्यानंतर रवळोबासांची सकळ लिपी आली, पोथ्या रुमालांत बांधल्या गेल्या, मठामठांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरविल्या गेल्या. ज्या नकलकाराने दिव्याच्या उजेडात बसून आरोगणा झाली, पहुड झाला ही वाक्ये शेकडो वेळा एकाच निगुतीने लिहिली, त्याने ती एकदाही गाळली नाहीत.